निळ्या हाताचा घास

रंगारणीच्या घरात चूक करणाऱ्याला शिव्या मिळत नसत. दाराशेजारी निळीचा एक लहान रांजण असायचा, त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा, एवढीच शिक्षा. हात बाहेर काढला की आधी हिरवट दिसायचा आणि मग वारा लागेल तसा डोळ्यांदेखत निळा होत जायचा. पुढे कितीतरी दिवस तो निळा हात घेऊन माणूस बाजारात जायचा, पाणी भरायचा, लग्नात मिरवायचा, आणि गल्लीतली कार्टी मागून ओरडायची, "काय काका, काय नासवलंत?"

ही पद्धत रंगारणीच्या सासऱ्याने घातली होती. म्हातारा तिरसट होता, पण मूर्ख नव्हता. रंगशाळेत एकाने नासवायचं आणि बोलणी दुसऱ्याने खायची हे त्याला खपत नसे. हात बुडवला की विषय संपला. त्या दिवशी हात ओला म्हणून घरची बाई त्या माणसाला आपल्या हाताने भरवायची, आणि पहिला घास पोटात गेला की त्या चुकीबद्दल कुणी पुन्हा ब्र काढायचा नाही.

रंगारणीच्या थोरल्याचे हात बारा महिने निळे असत. नखं तर अशी की जन्मताच निळी होती म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवला असता. धाकटीचे हात मात्र स्वच्छ होते. शेजारणी धुण्याच्या दगडावर म्हणायच्या, "हात बघा पोरीचे! जन्मात एक चूक म्हणून नाही." रंगारीण ते ऐकून कपडे जोरजोरात आपटायची. तिला खरं काय ते माहीत होतं.

धाकटी तिच्या पोटची नव्हती. राजवाड्यात कापाकापी झाली, राजाच्या भावाने राजाला आणि राणीला संपवून गादी बळकावली, त्या दिवशी वाड्यातली सुईण रंगवायच्या कपड्यांच्या गाठोड्यात एक तान्हं मूल घालून आली होती. मुलीच्या उजव्या मनगटाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पांढुरकी खूण होती. हाताची ओंजळ धरून अंधार केला की ती काजव्यासारखी उजळायची. सुईण जाताना एकच सांगून गेली: "ही खूण रंग पिते. एकदा नीळ मुरली की पुन्हा उजळायची नाही. हिचा हात रांजणात जाऊ देऊ नकोस. खूण गेली की राज्य गेलं."

रंगारणीने आणि तिच्या नवऱ्याने ते जिवापाड पाळलं. मनगटाला कायम पट्टी. आणि हात रांजणात जाऊ द्यायचा नाही. आता रंगाऱ्याच्या घरात वाढणारं मूल चुका तर करणारच. धाकटीने पहिल्यांदा चुन्याची अख्खी परडी हौदात उपडी केली तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती. शहाण्यासारखी आपणहून रांजणाकडे निघाली. रंगारणीने धावत जाऊन तिला मागे खेचलं, वर एक धपाटाही दिला. मग चूक कुणाच्या तरी नावावर जायला हवी, म्हणून थोरल्याला सांगितलं, "तू बुडव." त्याने बुडवला. भोळं पोर! त्यानंतर धाकटीने काही नासवलं की थोरला न सांगता रांजणाकडे जायचा. नवरा गेला, पोरं मोठी झाली, पण ही पद्धत तशीच चालू राहिली. हळूहळू धाकटीने रांजणाकडे बघणंच सोडून दिलं. वाईट सवय जडली तर ती सवय आहे हेसुद्धा घरात कुणाला जाणवत नाही.

आणि आता गादीवरचा काका निपुत्रिक मेला होता.

परवा निरोप आला. सुईणीने मरताना प्रधानाच्या कानात सगळं सांगितलं होतं. राजवस्त्र, म्हणजे राज्याभिषेकात खांद्यावर घ्यायची ती लांबलचक शाल, रंगवायला मुद्दाम याच घरी आली, कारण ती न्यायच्या निमित्ताने प्रधान येणार होता. राज्याचा जुना कायदा होता: लपवून वाढवलेल्या वारसाबद्दल वाढवणाऱ्याने शब्द द्यायचा. लायक आहे किंवा नाही. नाही म्हटलं, तर वारसाला डोंगरावरच्या किल्ल्यात नेऊन खिडक्या चिणून टाकायच्या. राजाचं रक्त मोकळं फिरू देत नसत. कोण कधी त्याला पुढे करून लढाई पेटवेल याचा नेम नसे.

घरात हे कळलं तेव्हा थोरला पोट धरून हसला होता. "म्हणजे इतकी वर्षं मी राणीसरकारांच्या चुका बुडवत होतो तर! मला निदान सरदार तरी करा." धाकटी हसली नव्हती. ती परवापासून हवेतच होती. मान ताठ करून अंगणात चालायची, पाण्याच्या टाकीत तोंड बघायची. रंगारीणही हसली नव्हती. तिला एकच घोर लागला होता: मी काय म्हणू?

हो म्हणण्यासाठी तिने मनाची तयारी केली होती. स्वतःच्या लेकराला किल्ल्यात कोण चिणू देईल?

आज सकाळी मोठ्या हौदाची नीळ अगदी तब्येतीत होती. वर तांबूस साय, खाली पिवळट हिरवं पाणी, आणि त्यात बुडालेली शाल. नीळ जिवंत असते. तिला ऊब लागते, पण आच सोसत नाही. थोरला मागच्या अंगणात धुवायचं पाणी काढायला गेला तेव्हा धाकटीला सांगून गेला होता, "हौदाखाली नुसते निखारे राहू दे. लाकूड घालू नकोस." धाकटीला घाई होती. शाल आजच खांद्यावर घेऊन बघायची होती. तिने दोन लाकडं सरकवली आणि टाकीपाशी जाऊन केस बांधत बसली. रंगारणीने दारातून धूर पाहिला, धावत येऊन लाकडं ओढली, पण उशीर झाला होता. साय फाटली. हौदातून नासका वास आला. नीळ मेली होती. थोरल्याने शाल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर राखाडी पट्टे उठले होते, आणि कडा तर अशा दिसत होत्या की कुणी चघळून टाकल्यात.

तिघेही शालीकडे बघत उभे असतानाच दारात घोडे थांबले.

प्रधान वयस्क होता, गुडघे दुखत असावेत, कारण उंबरा ओलांडताना त्याने चौकटीला धरलं. मागे दोन शिपाई. त्याने आधी शाल पाहिली. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, आणि रंगारणीला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"कुणी केलं?" त्याने विचारलं.

थोरल्याने विचारही केला नाही. तो रांजणापाशी गेला, हात बुडवला, बाहेर काढला आणि म्हणाला, "माझ्याकडून झालं, प्रधानजी."

रंगारणीने धाकटीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि ती सुटकेचा श्वास सोडत होती.

"राजवस्त्राचा कायदा माहीत आहे?" प्रधान म्हणाला. "नासवणाऱ्याने नासलेलं वस्त्र खांद्यावर घेऊन सूर्य मावळेपर्यंत चौकात उभं राहायचं. विचारेल त्याला आपली चूक सांगायची. आणि पुन्हा कुठल्याही रंगशाळेची पायरी चढायची नाही. जन्मात नाही."

थोरल्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं, नेहमीसारखा हात निळा होईल, संध्याकाळी आई भरवेल, संपलं. नुसत्या वासावरून नीळ भुकेली आहे की तृप्त हे सांगणारं पोर ते. रंग सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. पण एकदा म्हटलं ते म्हटलं.  शिपाई त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबले.

"आता दुसरं काम," प्रधान म्हणाला.

त्याने धाकटीच्या मनगटाची पट्टी सोडली, आपल्या अंगरख्याचा घोळ त्यावर धरला आणि आत डोकावला. बराच वेळ तो वर बघेना. बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. दुखऱ्या गुडघ्यांनी तो तिच्यापुढे वाकला. मग त्याने तिचे तळवे उलटेपालटे करून पाहिले.

"या घराची रीत मी ऐकलीय," तो रंगारणीला म्हणाला. "चूक केली की हात निळा. आणि हे हात बघा. इतक्या वर्षांत एक डाग नाही! दरबारात हे सांगितलं तर कुणाला शंका उरणार नाही. बाई, तुमचा शब्द तेवढा हवा. ही राज्य करायला लायक आहे?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? रंगारणीने तोंड उघडलं आणि तिला थोरल्याच्या हातावरून फरशीवर गळणारे निळे थेंब दिसले. 

"प्रधानजी, मला हिच्याशी दोन शब्द बोलायचेत. मग सांगते."

"बोला. पण दाराबाहेर जायचं नाही."

तिने धाकटीला दंडाला धरून रांजणापाशी नेलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "लाकडं कुणी घातली?"

"आई, आत्ता नको."

"मग कधी?"

"राणी झाले की पहिला हुकूम दादासाठीच काढीन. कायदाच बदलते. त्याला परत आणू, मोठी रंगशाळा देऊ. आत्ता मी बोलले तर सगळंच जाईल, कळतंय का तुला?"

"आणि तोवर तो चौकात उभा राहील. सगळं गाव थुंकेल त्याच्यावर."

"एक दिवस तर आहे. आणि त्याला सवय आहे."

 पोरगी दुष्टपणाने बोलली नव्हती, हेच वाईट होतं. पाऊस पडला की अंगण ओलं होतं म्हणावं, तशी बोलली होती. उद्या हिच्या हातून लढाई जाईल, धान्याची कोठारं कुजतील, कुठेतरी पूल पडेल, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी भोळा पुढे होऊन हात बुडवेल. राज्यात भोळ्यांना काय तोटा?

"सवय मीच लावली," ती म्हणाली. "त्यालाही आणि तुलाही. मी हो म्हणणार नाही."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही म्हणालीस तर मला चिणतील."

"मी येईन बरोबर. दोघींना चिणू दे."

"तू येशील?" धाकटीचा आवाज फाटला, आणि शिपायांनी माना वळवल्या. "आता येशील! लहानपणी मी हात घालायला गेले होते, आठवतंय? मी आपणहून गेले होते. तू मला ओढलंस, मारलंस. मग संध्याकाळी दादाला मांडीवर घेऊन भरवलंस, आणि मी उंबऱ्यावर बसून बघत होते. चूक माझी आणि घास त्याला. दर वेळी! मला वाटायचं, माझा हात रंगात घालण्याच्याही लायकीचा नाही. आणि आता मलाच विचारतेस, मी बोलत का नाही म्हणून?"

 जिवापाड पाळलेली गोष्ट पोरीच्या तोंडून अशी उलटी होऊन बाहेर पडेल असं रंगारणीला कधी वाटलं नव्हतं. पोरगी खरं बोलत होती. आणि तरीही शिपायांच्या मधे उभा होता तो थोरलाच.

"बाई," प्रधानाने मागून हाक मारली. "शब्द."

रंगारीण वळली.  'नाही' जिभेवर आलंच होतं, आणि मागे पाणी डुबकलं.

धाकटीने कोपरापर्यंत हात रांजणात घातला होता.

"बाहेर काढा!" प्रधान ओरडला. "खूण जाईल! पुसा, पुसा तिचा हात!"

शिपाई धावले. धाकटीने हात काढला, पण पुसू दिला नाही. छातीपासून लांब, वर धरून उभी राहिली. आधी तो पिवळट दिसला, मग हिरवा. मग बोटांच्या टोकांपासून निळा रंग चढत आला. मनगटावरचा तांदळाचा दाणा थोडा वेळ पांढरा राहिला, कडांनी हिरवटला, आणि बघता बघता आजूबाजूच्या कातडीत मिसळून गेला. प्रधानाने धडपडत अंगरख्याचा घोळ त्यावर धरला. आत काही उजळलं नाही.

"लाकडं मी घातली," धाकटी म्हणाली.  "दादाने घालू नको म्हटलं होतं. शाल मी नासवली. त्याला सोडा."

प्रधान मटकन पाटावर बसला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली तेव्हा त्याची नजर बदलली होती. "आई नाही म्हणणार हे कळलं म्हणून किल्ला चुकवलास? आता खूण नाही, म्हणजे तू कुणीच नाहीस. तसं म्हणून मोकळी होणार?"

हाच प्रश्न रंगारणीच्याही मनात आला होता, आणि तो आल्याची तिला लाज वाटली होती.

धाकटी आईकडे वळली. "आई, तू खरं काय ते सांग. किल्ला म्हणालीस तर किल्ला."

आता सगळं रंगारणीच्या जिभेवर होतं. प्रधान तिच्याकडे बघत होता. "खूण गेली," तो म्हणाला. "दरबाराला सांगायला राहिला तो तुमचा शब्द. ही तीच मुलगी आहे का?"

क्षणापूर्वी जे 'नाही' तिला जड झालं होतं, तेच आता किती सोपं होतं! नाही, प्रधानजी, ही ती नव्हे. एवढं म्हटलं की प्रधान रिकाम्या हाताने परत जाईल. धाकटीला रंगशाळेत पाऊल टाकता येणार नाही, खरं. पण गल्लीच्या टोकाला एक खोली बघता येईल. रोज संध्याकाळी तिच्याकडे जाता येईल. दोघी दारात बसून निवडटिपण करतील, भांडतील, कधीतरी तिचं लग्न होईल. रंगारणीला ती खोली स्पष्ट दिसली, खिडकीतला तुटका गजसुद्धा दिसला. जीव त्या खोलीपाशी घुटमळत राहिला.

"हीच ती," ती म्हणाली.

"आणि लायक आहे?"

"मघाशी विचारलंत तेव्हा नाही म्हणणार होते."

"आत्ता विचारतोय."

"आत्ता हो. उद्याचं मला माहीत नाही. उद्या पुन्हा विचारा. रोज विचारत राहा, आणि ती चिडली तरी विचारा. आम्ही ते केलं नाही."

"दरबार विचारेल, खूण कुठाय."

"खूण तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलीत, प्रधानजी. आता शब्द तुम्ही द्यायचा."

 दरबारात अर्धे लोक प्रधानाच्या वाईटावर होते. खूण नसलेली वारस घेऊन गेला तर त्याचंच डोकं जायची पाळी. शेवटी त्याने थोरल्याभोवतीच्या शिपायांना हाताने बाजूला केलं आणि ती पट्ट्यापट्ट्यांची ओली शाल उचलून धाकटीच्या खांद्यावर ठेवली.

"कायदा राणीलाही आहे," तो म्हणाला. "सूर्य मावळेपर्यंत. मी शेजारी उभा राहीन."

धाकटी उंबऱ्यापाशी थांबली. हा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही हे तिला तिथे पोचल्यावर कळलं असावं, कारण तिने चौकट धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि चौकटीवर निळी बोटं उमटली. मग ती बाहेर पडली. रंगारीण आतच उभी राहिली. थोरला म्हणाला, "आई, चल ना." ती म्हणाली, "तू हो पुढे. मला चूल पेटवायचीय."

दुपारी ती चौकात गेली तेव्हा गर्दी जमली होती. धाकटी मधोमध उन्हात उभी होती, शाल खांद्यावर वाळून कडक झाली होती. प्रधान घामाघूम होऊन शेजारी, आणि थोरला दुसऱ्या बाजूला, तोही निळा हात घेऊन, न केलेल्या चुकीचा. कार्टी ओरडत होती, "काय नासवलंस, काय नासवलंस?" आणि धाकटी प्रत्येकाला सांगत होती, "राजवस्त्र. मी नासवलं." आवाज बसला होता. कुणी हसत होतं. एक म्हातारी हसत नव्हती, ती नुसती त्या निळ्या हाताकडे बघत होती. ही उद्याची राणी आहे हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

रंगारणीने लोकांना कोपराने बाजूला सारलं. पदराखालून ताट काढलं. धाकटीने सवयीने उजवा हात पुढे केला आणि निळा दिसताच थबकली.

"राहू दे," रंगारीण म्हणाली. "ओला आहे अजून."

हात केव्हाच वाळला होता. तिने घास केला आणि पोरीच्या तोंडापाशी धरला. धाकटीने तोंड उघडलं. चावता चावता ती रडायला लागली, आणि कार्ट्यांचं ओरडणं हळूहळू थांबलं.  रंगारणीने दुसरा घास केला.